हुमायूनच्या मकबऱ्यावरून उतरवलेलं दहा लाख किलोंचं ओझं

छत गळायला लागलं की आपल्याला एकच उपाय सुचतो, वरून सिमेंटचा थर मारून टाका! दिल्लीतल्या हुमायूनच्या मकबऱ्यावरही विसाव्या शतकात हेच झालं. थर चढत गेले, पाणी मात्र मुरतच राहिलं.

आगा खान ट्रस्ट फॉर कल्चर आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी 2007 नंतर दुरुस्ती हाती घेतली, तेव्हा छतावरून दहा लाख किलोंहून जास्त काँक्रीट काढावं लागलं. 2013 मध्ये काम पूर्ण झालं. काँक्रीटच्या जागी पुन्हा चुन्याचा कोबा आला.

चुनाच का? तर तो जुन्या बांधकामासोबत थोडा हलतो आणि आतली ओल बाहेर सोडतो. सिमेंट कडक. त्याला भेग पडली की पाणी खाली उतरतं, पण वर यायला वाट राहत नाही. मग ओलीसोबत आलेले क्षार दगडाचे पापुद्रे काढतात. चुन्यात विटांची भुकटी म्हणजे सुरखी, गूळ, बेलफळाचा गर घालून मुरवायचं आणि कोबा लाकडी थापीनं ठोकत राहायचं. वेळखाऊ काम आहे, कबूल.

गावातल्या जुन्या मशिदीच्या छतासाठी वर्गणी गोळा होते, तेव्हा लोकांची नियत नेकच असते. पण आधी परनाळे तुंबलेत का, उतार बिघडलाय का, भिंतीत पिंपळ उगवलाय का, ते बघा. बऱ्याचदा गळती तिथेच सापडते. आणि इमारत संरक्षित असेल तर पुरातत्त्व विभागाच्या परवानगीशिवाय सिमेंटची एक गोणीही वर नेऊ नका.