ईदचा सूट घरीच सजवला, तेव्हा

शाबान लागला की घराघरांत एक विषय हमखास निघतो : यंदा ईदला कपडे कोणते घ्यायचे? गेल्या वर्षी आमच्याही घरी तो निघाला. मोठी मुलगी अकरावीत. बाजारात तिला एक पिस्ता रंगाचा सूट आवडला. गळ्यावर आणि बाह्यांवर भरतकाम होते. किंमत ३,२०० रुपये. घरात तीन मुले आहेत. एकीला एवढ्याचा घेतला की बाकीच्या दोघांनाही त्याच मापाने द्यावे लागते. फितरा आहे, शीरखुर्म्याचे सामान आहे, पाहुणे आहेत. हिशेब मांडला आणि ठरवले की कापड साधे आणायचे, सजावट घरीच करायची.

मुलगी हिरमुसली. म्हणाली, “अम्मी, मैत्रिणींनी विचारले कुठून घेतला, तर काय सांगू? घरी केला म्हणून?”

तिच्या बोलण्यातली ही लाज आम्हाला टोचली. दादी मात्र काही बोलल्या नाहीत. त्यांनी पेटीतून आपला जुना दुपट्टा काढला आणि नातीसमोर पसरला. काठाला चार बोटे रुंद वेल, सारी त्यांच्या हातची. मुलीने तो उलटा करून पाहिला. मागची बाजूही पुढच्यासारखीच स्वच्छ होती, एक गाठ दिसत नव्हती. ती बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, “दादी, हे मला येईल?”

तिथून काम सुरू झाले.

कापड आधी, नक्षी नंतर

कुर्त्यासाठी अडीच मीटर सुती कापड आणले. सुती कापड पहिल्या धुण्यात आटते. म्हणून ते रात्रभर पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून, इस्त्री करूनच कामाला घ्यावे. नाहीतर भरतकामाभोवती कायमच्या चुण्या पडतात.

दादींनी दुसरी गोष्ट सांगितली : गळा आधी कापायचा नाही. कापडावर खडूने गळ्याची खूण करायची, भरतकाम पूर्ण करायचे आणि मगच कात्री लावायची. कापलेला गळा रिंगमध्ये नीट ताणता येत नाही, कडा ओढल्या जातात.

नक्षी कोणती घ्यायची? वेल, पाने, फुले आणि भूमिती एवढ्यावर आयुष्यभराच्या नक्षी निघतात. शाळेची सहल औरंगाबादला बीबी का मकबरा पाहायला गेली होती, तेव्हा आम्ही मुलांना तिथल्या जाळ्या वहीत उतरवायला सांगितल्या होत्या. त्या सवयीतून एक सोपी आकृती हाती लागली. एक चौरस काढावा. त्याच मध्यबिंदूवर तेवढाच दुसरा चौरस ४५ अंशांत फिरवून काढावा. आठ टोकांचा तारा तयार होतो. पट्टी आणि कोनमापक एवढ्यावर काम होते, चित्रकला यावी लागत नाही. असे पाच तारे आणि मध्ये पानांची वेल, एवढीच आमच्या गळ्याची नक्षी.

ती कापडावर उतरवण्यासाठी पातळ कागदावर काढून रेषेवर सुईने जवळजवळ छिद्रे पाडावीत. कारागीर याला खाका म्हणतात. गडद कापडावर खाका ठेवून खडूची पूड कापसाने फिरवली की ठिपके उमटतात. फिकट कापडाला पिवळा कार्बन कागद चालतो. काळ्या-निळ्या कार्बनचे डाग सहसा निघत नाहीत.

पाच टाके पुरतात

धावदोरा, देठाचा टाका, साखळी टाका, काज टाका आणि गाठीचा टाका, एवढे आले तरी सुंदर सूट होतो. रेषेला देठाचा टाका, पाकळीला साखळी, आरसा बसवायला काज टाका आणि फुलाच्या मध्यभागी गाठ. लखनवी चिकन पाहून आपण थक्क होतो. २००८ साली त्या कलेला भौगोलिक मानांकन मिळाले. पण त्यातली टेपची म्हणजे आपला धावदोराच. बखियामध्ये तर मासोळी टाका पातळ कापडाच्या उलट्या बाजूने भरतात आणि सुलट बाजूला त्याची फिकट सावली दिसते. टाके ओळखीचेच आहेत, फरक आहे तो हाताच्या सफाईचा आणि सबुरीचा.

भरतकामाचा धागा सहा पदरी असतो. नाजूक पानाला दोन पदर घ्यावेत, ठसठशीत रेषेला तीन. धागा हातभरापेक्षा लांब घेऊ नये, गुंततो आणि झिजतो.

ज्यांना सुईची भीती वाटते त्यांनी ठसेकामाकडे वळावे. शाळेत भेंडीचे ठसे आपण सर्वांनी उमटवले आहेत. धाकट्याच्या कुर्त्याच्या पट्टीवर आम्ही भेंडीच्याच ठशांची रांग काढली, फक्त रंग कापडाचा वापरला. खाली जुनी चादर घालावी, ठसा आधी कागदावर टेकवून जादा रंग काढावा, मग कापडावर दाबावा. रंग पूर्ण वाळल्यावर उलट्या बाजूने इस्त्री फिरवावी आणि निदान तीन दिवस कपडा धुऊ नये. गोटा लावायचा असेल तर दोन्ही कडा बारीक टाक्याने शिवाव्यात आणि त्यावर थेट गरम इस्त्री कधीही ठेवू नये. वर सुती कापड घालावे.

आमची चूक

एक चूक सांगायलाच हवी. लाल धागा आम्ही तपासला नाही. ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासला असता तर लगेच कळले असते. खडूच्या खुणा काढायला गळा पाण्यात बुडवला आणि दोन ताऱ्यांभोवती गुलाबी डाग पसरले. मुलगी रडकुंडीला आली. दहा संध्याकाळींचे काम होते ते. दादींनी चष्मा लावला, डाग निरखले आणि म्हणाल्या, “इथे पाने कमीच होती.” डागांवर हिरवी पाने भरली गेली. आज कुणाला सांगितले तरी ते डाग सापडत नाहीत.

हिशेब

कापड, दुपट्टा आणि सलवार मिळून ९५० रुपये, धागे, आरसे व गोटा २३०, शिलाई ४००. एकूण १,५८० रुपये. दुकानातल्या सुटाच्या निम्म्याहून कमी.

पण मुलीने वहीच्या मागच्या पानावर आणखी एक हिशेब ठेवला होता, तासांचा. नुसत्या गळ्याला १९ तास लागले होते. तो आकडा पाहून आम्ही गप्प झालो.

आमच्या गल्लीत एक आपा राहतात. घरातली कामे उरकून आरीकाम करतात, त्यावरच मुलांची फी भागते. दोन वर्षांपूर्वी नणंदेच्या सुटाचा गळा त्यांच्याकडून भरून घेतला होता. त्यांनी ६०० रुपये सांगितले. आम्ही घासाघीस करून ३५० वर आणले आणि घरी येऊन ते कौतुकाने सांगितलेही होते. आपांचा हात आमच्यापेक्षा दुप्पट वेगाने चालतो असे धरले तरी दहा तास झाले. म्हणजे तासाला ३५ रुपये, आणि त्यातच धागा-मणीही त्यांचेच. दुकानात छापील किमतीपुढे आपण तोंड उघडत नाही. गल्लीतल्या बाईच्या दारात मात्र आपल्याला भाव करणे सुचते.

हजरत जैनब बिन्त जहश (रजि.) स्वतःच्या हाताने काम करत आणि त्या कमाईतून सदका देत. हाताच्या कमाईला एवढा मान देणारी परंपरा आपली आहे आणि त्याच हाताची किंमत आपण पाडतो. ईदच्या आधी आम्ही आपांकडे गेलो. मागचे राहिलेले २५० रुपये दिले. त्यांना आधी आठवेना, मग त्या घेईनात. शेवटी म्हणाल्या, “लेकीला पाठवा, आरी शिकवते.”

ज्यांना करायचे आहे त्यांच्यासाठी

रजब-शाबानमध्येच सुरुवात करावी. रमजानचे शेवटचे दहा दिवस इबादतीचे आहेत, ते सुईदोऱ्यात जाऊ नयेत. पहिल्या वर्षी पूर्ण सूट हाती घेऊ नका, फक्त गळा किंवा दुपट्ट्याचा काठ घ्या. घरातल्या दादी, नानी, खाला यांना विचारा. त्यांच्या हातात जे आहे ते कुठल्या पुस्तकात सापडायचे नाही. मुलग्यांनाही ठसेकामाला बसवा. आणि स्वतःला जमत नसेल तर गल्लीतल्या बाईकडून करून घ्या, पण तिने सांगितलेले पैसे द्या.

ईदच्या दिवशी मैत्रिणी घरी आल्या. एकीने विचारलेच, “कुठून घेतला गं?” मुलगी म्हणाली, “घरी केला. दादीने आणि मी.” आणि दुपट्टा उलटा करून तिला मागची बाजू दाखवू लागली. तिथे दोन-तीन गाठी अजून दिसत होत्या. दादी हसून म्हणाल्या, “पुढच्या ईदपर्यंत त्याही जातील, इन्शाअल्लाह.”