डाव्या हाताचा मळ नव्हे

चेक छायाचित्रकार योसेफ सुदेक मूळचे बुकबाइंडर. पहिल्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर उजवा हात जखमी झाला आणि खांद्यापासून कापावा लागला. पुस्तकबांधणी संपली. कचेरीतली नोकरी नाकारून ते अपंग सैनिकाच्या पेन्शनवर प्रागमध्ये छायाचित्रण शिकले. १९२२ ते १९२७ या काळात त्यांनी इन्व्हालिडोव्हना या आश्रयगृहातल्या जखमी सैनिकांची छायाचित्रं काढली. त्यांत माणसांपेक्षा धुरकट उजेडच जास्त लक्षात राहतो.

१९२६ साली चेक फिलहार्मोनिकच्या मंडळींबरोबर ते इटलीला गेले आणि मैफल अर्धवट सोडून, हात गमावला ते शेत शोधत निघाले. जागा सापडली, हात अर्थातच नाही. प्रागला परतले ते दोन महिन्यांनी.

पण सुदेक म्हटलं की आठवतात त्या वस्तू, आणि त्या आल्या १९४० नंतर. जर्मन ताब्यातल्या प्रागमध्ये रस्त्यावर कॅमेरा घेऊन फिरणं अवघड होतं, म्हणून ते आपल्या लाकडी स्टुडिओच्या खिडकीकडे वळले. पाण्याचा अर्धा ग्लास, अंडं, पावाचा तुकडा, शिंपला, काचेवर साचलेली वाफ. ‘माझ्या स्टुडिओची खिडकी’ ही मालिका १९५४ पर्यंत चालली.

त्याच १९४० साली जुन्या काळातला, फ्रान्समधल्या शार्त्रच्या पुतळ्याचा एक मोठा कॉन्टॅक्ट प्रिंट त्यांच्या पाहण्यात आला आणि त्यांनी एन्लार्जर कायमचा बाजूला ठेवला. कॉन्टॅक्ट प्रिंटमध्ये निगेटिव्ह जेवढी, तेवढंच चित्र. म्हणजे मोठं चित्र हवं तर कॅमेराही मोठा. हलका कॅमेरा सोयीचा पडला असता, तरी या गृहस्थांनी अवजड पेटीकॅमेरे आणि ट्रायपॉड पत्करले. फिल्म बदलताना डाव्या हाताच्या मदतीला दात यायचे. बहीण बोझेना डार्करूममध्ये साथ द्यायची.

त्यांना ‘एका हाताचा कवी’ म्हणून हळहळणं सोपं आहे, पण चित्रांत हळहळ कुठेच नाही. दिसतो तो संथ वेग. एका हाताने कॅमेरा लावायला वेळ लागतो, आणि अंड्याला घाई नसते. ग्लास तासभर जागचा हलत नाही. उजेड मात्र हलतो, आणि सुदेक त्याचीच वाट पाहत. स्टुडिओतला कागद, दोरा, पिसं ते फेकत नसत. त्या पसाऱ्यातूनच पुढे ‘चक्रव्यूह’ या नावाची चित्रं निघाली.

१९५९ साली ‘प्राहा पॅनोरामातित्स्का’ हे पुस्तक आलं: शहराची २८४ आडवी छायाचित्रं, जुन्या कोडॅक पॅनोरमिक कॅमेऱ्याने टिपलेली. १९६१ मध्ये त्यांना सरकारी सन्मान मिळाला. १९७६ मध्ये ते गेले, १९८५ मध्ये स्टुडिओ जळला, आणि २००० साली तो त्याच अंगणात पुन्हा उभा राहिला.