तापीकाठची बैठक

सुरतेचं उधना स्टेशन सोडून भुसावळकडे निघालेली गाडी पहिल्यांदा डिंडोलीच्या वस्तीतूनच जाते. धुळे, नंदुरबार, जळगावची माणसं याच रुळांवरून सुरतेला आली, मागावर उभी राहिली आणि इथलीच झाली. घरात अहिराणी, कामावर हिंदी, दुकानात गुजराती असा त्यांचा दिवस जातो. श्रावणात खानदेशची कानबाई देवी बसते, भजनी मंडळांचे पखवाज वाजतात, गणपतीत मंडप पडतात. रागदारीच्या मैफलीचं नाव काढलं की मात्र इथली जाणती माणसंही म्हणतात, ते पुण्या-मुंबईचं काम. थंडीत पुण्याला सवाई गंधर्व महोत्सव होतो, अहमदाबादला नव्या वर्षाच्या पहिल्या दिवसापासून सप्तक होतो, ज्याला हौस असेल त्याने तिकडे जावं.

हा समज मला मान्य नाही, आणि त्याचं पहिलं कारण डिंडोलीपासून तासाभराच्या रस्त्यावर आहे. कामरेजजवळचं कठोर हे गाव आता सुरत महापालिकेत आलं आहे. पूर्वी ते गायकवाडांच्या बडोदा संस्थानात होतं. १७ ऑक्टोबर १८६९ रोजी तिथे भास्करबुवा बखले जन्मले. ज्यांना महाराष्ट्र देवगंधर्व म्हणतो, बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव ज्यांचे शिष्य, 'स्वयंवर' नाटकाच्या पदांना ज्यांनी चाली दिल्या, ते बुवा तापीकाठचे. पुढे १९११ साली पुण्यात त्यांनी जी संस्था काढली ती भारत गायन समाज. आज सुरतेतल्या मराठी माणसाला बुवांचं नाव ठाऊक असलं तरी गाव सहसा ठाऊक नसतं.

बुवांचं शिक्षण कसं झालं ते पाहिलं की बैठक, म्हणजे लहान खोलीत समोरासमोर बसून ऐकायचं गाणं, ही काय चीज आहे ते कळतं. बडोद्याला विष्णुबुवा पिंगळ्यांकडे कीर्तनाचे धडे. मग किर्लोस्कर नाटक मंडळीत बालनट. वयात येताना आवाज फुटला आणि रंगभूमीवरची जागा गेली. इंदूरला बीनकार बंदे अली खाँसाहेबांनी गंडा बांधला. बडोद्याला फैज महंमद खाँसाहेबांकडे ग्वाल्हेरची तालीम, त्यानंतर आग्र्याचे नत्थन खाँ, शेवटी जयपूरचे अल्लादिया खाँ. एवढ्या घराण्यांची विद्या एका गळ्यात आली ती उस्तादांच्या समोर बसून, हातभर अंतरावरून ऐकून. सूर कुठे लावायचा हे गुरू सांगतो, पण श्वास कधी घ्यायचा, जबड्याची ठेवण कशी, समेआधी नजर तबल्याकडे कधी जाते, हे शिष्य पाहून उचलतो. बैठकीतला श्रोताही नकळत तेच करतो. त्याला घराण्यांची नावं येत नसतील, पण गवयाने कुठे जोखीम घेतली हे त्याला दिसतं. समोरच्याला ते दिसलं हे गवयालाही दिसतं, आणि त्यावर पुढची तान ठरते.

युरोपातही असंच एक खोलीतलं संगीत वाढलं. ऑस्ट्रियाचा योझेफ हायडन एस्तरहाझी सरदारांच्या पदरी होता. त्यांच्यातला निकोलाउस स्वतः बॅरिटन नावाचं तंतुवाद्य वाजवायचा, म्हणून हायडनने त्या वाद्यासाठी शंभरावर रचना केल्या. दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो अशा चौघांसाठी त्याने लिहिलेलं संगीत आजही तीन-चारशे माणसांच्या दालनांत जपून वाजवलं जातं. लंडनचं विगमोर हॉल १९०१ पासून मुख्यतः याच संगीतासाठी नावाजलेलं आहे, आणि तिथे जागा साडेपाचशेच्या आसपास. तिकडे शहराने सरदाराची खोली उचलून स्वतःची केली. आपल्याकडेही तो प्रयत्न झाला. मुंबईत १८७० साली कैखुश्रू काबराजींनी गायनोत्तेजक मंडळी काढली, आणि पुढे पंडित भातखंडे तिचे सभासद झाले. १८७४ साली पुण्यात गायन समाज निघाला. बडोद्यात १८८६ साली सयाजीरावांनी मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा दिली. तिथेच १९१६ साली भातखंड्यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. विष्णु दिगंबर पलुसकरांनी सौराष्ट्रात तिकीट लावून जाहीर जलसा केला तेव्हा गाणं दरबाराबाहेर आलं ते कायमचं. मौलाबक्षांचे नातू इनायत खाँ १९१० साली भाऊबंदांना घेऊन अमेरिकेला निघाले आणि पाश्चात्त्य श्रोत्यांसमोर वीणा वाजवत फिरले. यातलं बडोद्यातलं सगळं तर सुरतेहून रेल्वेने दोन-अडीच तासांच्या अंतरावर घडलेलं आहे.

गाणं दरबाराबाहेर आलं, पण खोलीत थांबलं नाही. ते मंडपात गेलं. हजारो श्रोत्यांपर्यंत पोचण्यासाठी ध्वनिक्षेपक आला. त्याने केलेलं भलं मी नाकारणार नाही. सवाई गंधर्व महोत्सवात सर्वात मागे बसलेल्याला भीमसेनांचा षड्ज ऐकू गेला तो त्याच्यामुळेच. पण तंबोऱ्याचं नुकसान झालं. मंडपात तो कर्ण्यातून ऐकू येतो तेव्हा त्याची वलयं जातात, उरते ती नुसती गुणगुण. आता तर अनेक ठिकाणी डब्याएवढं विजेचं यंत्र किंवा फोन मांडीशेजारी ठेवला की झालं.

म्हणून बैठक समजून घ्यायची तर तंबोऱ्यापासूनच सुरुवात करावी लागते. मिरजेला तंबोरे करणारी शिकलगार घराणी आहेत. तिथल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. हे शिकलगार मूळचे हत्यारं घडवणारे कारागीर. संस्थानी काळात त्यांचा हात वाद्यांकडे वळला. भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतून, दांडी आणि तबली तुणीच्या लाकडाची. भोपळा वेलावरच मोठा होऊ द्यायचा, मग काढून सुकवायचा. त्याचा घेर आणि साल पाहून कारागीर ठरवतो की हा पुरुषी आवाजाचा तंबोरा होईल की बायकी. सगळ्यात नाजूक काम घोडीचं. घोडीचा माथा सपाट दिसतो, पण तो किंचित उताराचा असतो. तार त्याला जिथे अलगद टेकते तिथे तिची झणझण उठते. ती झणझण म्हणजे जवारी. कानसाने घासून, तार लावून, ऐकून, परत घासून ती काढावी लागते; घासण्यात केसभर चूक झाली तर तार मुकी होते. एवढं झाल्यावर गवई तारेखाली सुताचा धागा सरकवतो. त्याला जीवा म्हणतात. जीवा नेमक्या जागी आली की चार तारांतून चारांहून अधिक सूर ऐकू येऊ लागतात; खर्जाच्या तारेतून गंधार स्पष्ट निघतो, जो कुणी छेडलेलाच नसतो.

हा गंधार ऐकायला लहान खोली लागते. गवयाच्या मागे दोन तंबोरे, उजव्या हाताला तबला, डावीकडे पेटी किंवा सारंगी, समोर बिछायतीवर पन्नास-साठ माणसं. पंख्याचा आवाज बंद. पहिली दहा मिनिटं तारा जुळवण्यात जातात आणि नवख्या श्रोत्याला वाटतं, अजून सुरू व्हायचंय. खरं तर तिथेच सुरू झालेलं असतं. मालकंस गायचा असेल तर पहिली तार मध्यमाला लावली जाते, मारवा असेल तर निषादाला; जाणकार त्यावरूनच रागाचा अंदाज बांधतात.

बैठकांचा मोसम थंडीतला. पावसाळ्यात हवेतल्या ओलीने तबल्याची पुडी उतरते, तंबोरा पुन्हा पुन्हा लावावा लागतो. कोजागिरीनंतर हवा कोरडी झाली की वाद्यं सुरात टिकतात. सुरतेत माघापर्यंत हा काळ चांगला चालतो. १७ ऑक्टोबर, बुवांचा जन्मदिवस, याच तोंडावर येतो. डिंडोलीतही बैठका व्हाव्यात, त्यांचा हंगाम त्या दिवसाच्या आसपास सुरू व्हावा, आणि महाशिवरात्रीला संपावा, असं मला मनापासून वाटतं. महिन्याला एक बैठक. तेवढं पुष्कळ.

जागेचा प्रश्न लोक लगेच काढतात. शहरात मोठी नाट्यगृहं आहेत, पण ती तापीच्या बाजूला, आणि त्यांचं भाडंही जड. मला नाट्यगृह हवंच नाही. सुरत महापालिका मराठी माध्यमाच्या शाळा चालवते. रविवारी त्यांचे वर्ग रिकामे असतात. बाकं भिंतीला लावली की साठ माणसं मांडी घालून बसतात. सोसायट्यांच्या वाड्या आहेत. काहीच नसेल तर एखाद्याच्या घरातली पुढची खोली. खानदेशी माणसाला हे शिकवावं लागत नाही. कानबाईच्या वेळी घरातलं सामान हलवून, भिंती रंगवून, सगळे भाऊबंद एका खोलीत रात्रभर जागतात. गाण्यासाठी खोली मोकळी करणं आणि जागं राहणं, दोन्ही या वस्तीच्या अंगवळणी पडलेलं आहे. भजनी मंडळातल्या माणसाचा तालही पक्का असतो. विलंबित एकतालाची सम त्याला दोन बैठकींत सापडेल.

आणि वेळेचा प्रश्न. इथे मला डिंडोलीचा फायदा दिसतो. मागावरची पाळी बारा तासांची, दिवसाची आणि रात्रीची. संध्याकाळी सहा ते दहाचा सभागृहातला कार्यक्रम दिवसपाळीवाल्याला गाठता येत नाही आणि रात्रपाळीवाल्याला अर्ध्यात सोडावा लागतो. पण आपल्या रागांनी तर आठही प्रहर वाटून घेतले आहेत. सभागृहांच्या वेळेमुळे आपले कान पूरिया धनाश्री, यमन, बागेश्री यांच्यातच फिरत राहिले. तोडी आणि जौनपुरी, दुपारचे सारंग, उतरत्या दुपारचे भीमपलास आणि मुलतानी प्रत्यक्ष समोर बसून ऐकलेली माणसं फार थोडी. रात्रपाळी सुटून आलेल्यांसाठी सकाळी आठची बैठक ठेवली तर तोडी आपोआप येते. सुटीच्या दिवशी चारची ठेवली तर भीमपलास येतो. दिवसभर धोट्याच्या खडखडाटात काढलेल्या कानाला मंद्रातला एक सूर दहा मिनिटं ऐकायला मिळणं ही चैन नाही. ती त्याची गरज आहे, आणि मैफलींचं वेळापत्रक ठरवताना तिचा विचार आजवर कुणी केलेला मी पाहिला नाही.

रात्रीच्या बैठकीलाही वाट आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावरचे कर्णे बंद झाले आणि पहाटेपर्यंत चालणाऱ्या महोत्सवांचा काळ सरला. त्याबद्दल रसिक अजून हळहळतात. पण हा नियम उघड्यावरच्या आवाजासाठी आहे. बंद खोलीत, कर्ण्यावाचून गाणाऱ्याला तो आड येत नाही. दरबारी कानडा आणि अडाणा त्यांच्या वेळी ऐकायचे असतील, किंवा उजाडताना ललत ऐकायचा असेल, तर आता बैठक हाच मार्ग उरला आहे.

पैशांचं बोलायला हवं. गवयाची बिदागी, साथीदारांची बिदागी, येण्याजाण्याचं भाडं, जेवण. ध्वनियंत्रणा नाही, रोषणाई नाही, मंच नाही, म्हणजे खर्चाचे मोठे आकडे गेलेच. साठ माणसांची हंगामाची वर्गणी आगाऊ जमली तर हे भागतं. मात्र बिदागी ठरलेली असावी आणि गाणं संपताच हातात पडावी. नवोदिताला मंच दिला म्हणून त्याला फुकट गायला लावणं मला अन्यायाचं वाटतं. मोठ्या नावांच्या मागेही लागू नये. बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात संगीत शिकणारी मुलं आहेत, जळगाव-नाशिककडे चांगली गाणारी आहेत, आणि बडोदा काय, जळगाव काय, दोन्हीकडून थेट गाडी आहे. तीस वर्षांच्या गायिकेला साठ माणसांपुढे दोन तास एकच राग मांडायची संधी कुठल्या महोत्सवात मिळते? तिथे तिला चाळीस मिनिटं मिळतात, तीही घड्याळाकडे बघत.

पहिली बैठक रविवारी दुपारी चारला असावी. तंबोरे दोन, आणि खरे. आधी विलंबित ख्यालात भीमपलास, घाई न करता तासभर, मग द्रुत. चहानंतर मुलतानी, आणि दिवेलागणीला 'स्वयंवर'मधलं एक पद, बुवांच्या चालीत. गाणाऱ्याने आधी एवढंच सांगावं की ही चाल बांधणारा माणूस इथून तासाभरावरच्या कठोरचा. लहान मुलांना पुढे बसवावं, तंबोऱ्याच्या अगदी जवळ, आणि बैठक उठल्यावर ज्याला तार छेडून पाहायची असेल त्याला ती छेडू द्यावी.