उंदरांचें सामाईक घरटें

भात झोडून कणगींत भरलें कीं उंदरांचा उपद्रव सुरू होतो, हा अनुभव सर्व शेतकरी बंधूंस आहेच. सापळ्यांत मादी सांपडली म्हणजे तिचीं पिलें दुधावांचून मरतील, असा पुष्कळांचा समज असतो. खांदेश्वरच्या बाजूस भातशेती होती तेव्हां आम्हीही तसेंच समजत असूं. परंतु तो समज बरोबर नाहीं.

घरांत राहणाऱ्या लहान उंदरांच्या माद्या, विशेषतः बहिणी बहिणी, पुष्कळदां एकाच घरट्यांत व्यातात आणि आपलें पिलूं व परकें पिलूं असा भेद न करितां सर्वांस दूध पाजतात. सिंहिणींतही एकमेकींच्या पिलांस पाजण्याची चाल आढळते. त्यामुळें एक आई मेली तरी दुसरी तिचीं पिलें वांचवूं शकते. उंदराचा गर्भ सुमारें २० दिवसांचा. पिलें सुमारें ३ आठवड्यांत दूध सोडतात, आणि दीड-दोन महिन्यांचीं होतांच स्वतः व्यावयास योग्य होतात.

यास्तव एक उंदीर धरून स्वस्थ बसूं नये. चिंध्या व पेंढा यांचीं घरटीं शोधून काढावीं, एकाच वेळीं अनेक सापळे लावून ते कांहीं रात्री तसेच ठेवावे, आणि कणगी जमिनीपासून उंच ठेवून भिंतीचीं भोंकें बुजवावीं. वर्षाचें धान्य राखावयाचें तर एवढे श्रम घेतलेच पाहिजेत.