दुसऱ्यांदा विचारलं, तर ‘झालं’

पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणाऱ्या क्रेग रिंगर यांच्यासमोर एका वापरकर्त्याचा बिघडलेला डेटा आला होता. डिस्क यंत्रणेत मध्येच दोष आला होता. तो कुठेही येतो. पोस्टग्रेसला तो कळलाही होता. पुढच्या प्रयत्नात मात्र सारं सुरळीत पार पडल्याची नोंद होती, आणि डिस्कवर मजकूर जुनाच! मग नवा गेला कुठे?

छत्रपती संभाजीनगरातल्या जाधववाडीच्या मार्केट यार्डात लिलाव रंगात असताना मुनीम प्रत्येक पोत्यागणिक खतावणी उघडत नाही. चिठ्ठ्या साठवतो आणि मग एकदम चढवतो. लिनक्स या प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नेल, तेच करतं. प्रोग्रामने लिहिलेलं आधी मेमरीतल्या पानांवर राहतं. दर ५ सेकंदांनी कर्नेलचा कामगार जागा होतो आणि साधारण ३० सेकंदांहून जुनी झालेली पानं डिस्ककडे धाडतो. हे आकडे बदलता येतात, पण सहसा कुणी बदलत नाही. एकगठ्ठा लिहिल्याने डिस्कची दमछाक वाचते. ज्याला धीर नाही त्याने ‘एफसिंक’ म्हणायचं: आत्ताच लिही, आणि लिहून झाल्यावरच मला सांग.

पोस्टग्रेसची सारी भिस्त या एका हाकेवर. एफसिंकने होकार दिला की बदलांची आधी लिहून ठेवलेली रोजनिशी ते निर्धास्तपणे निकालात काढतं. नकार आला तर? थोड्या वेळाने पुन्हा विचारायचं. यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं.

रिंगर यांना मेख सापडली ती या दुसऱ्या विचारण्यात. लिहिणं फसलं की कर्नेल चूक झाल्याची खूण करतं, पण पान मात्र ‘लिहून झालं’ असं समजून मोकळं करतं. पहिलं एफसिंक ती खूण वाचतं आणि वाचताना पुसतं. दुसऱ्या वेळी लिहायचं काही उरलेलंच नसतं, म्हणून उत्तर येतं: यशस्वी. पोस्टग्रेस त्यावर विश्वास ठेवतं, रोजनिशी निकालात काढतं, आणि डेटाची शेवटची प्रत जाते. २८ मार्च २०१८ रोजी रिंगर यांनी हे सहकाऱ्यांपुढे मांडलं आणि एकच खळबळ उडाली.

कर्नेलवाल्यांची बाजू अगदीच लंगडी नव्हती. औरंगपुऱ्यातल्या झेरॉक्सच्या दुकानात कुणी लिहिणं चालू असताना पेनड्राइव्ह उपसून खिशात घातला, तर त्याची पानं मेमरीत किती काळ सांभाळायची? गिऱ्हाईक परत येईलच असं नाही. अशी पानं साठत गेली तर मेमरी भरून यंत्र ठप्प होईल. फ्रीबीएसडी या दुसऱ्या प्रणालीने मात्र पान ‘न लिहिलेलं’च ठेवायचा मार्ग धरला होता, म्हणजे दुसऱ्यांदा लिहिणं शक्य होतं. माझं मत विचाराल तर पान सोडण्यापेक्षा खोटा होकार देणं जास्त गंभीर.

त्याच एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या पार्क सिटीत कर्नेल आणि पोस्टग्रेसची माणसं समोरासमोर बसली. चूक होऊन गेल्यावर जो फाइल उघडतो त्याला ती कळतच नाही, ही आणखी एक फट होती; कर्नेल ४.१७ मध्ये ती बरीचशी बुजवली गेली. सोडलेली पानं मात्र लिनक्स धरून ठेवत नाही, ते नाहीच. अखेर पोस्टग्रेसनेच रीत बदलली. फेब्रुवारी २०१९ मधल्या ११.२ आणि तिच्या सोबतच्या आवृत्त्यांपासून एफसिंक फसलं की ते पुन्हा विचारत नाही. तडक कोसळतं आणि रोजनिशीवरून सारं नव्याने लिहितं. त्याच महिन्यात ब्रुसेल्सच्या फॉसडेम संमेलनात टोमास वोंड्रा यांच्या व्याख्यानाचा विषयच होता, पोस्टग्रेसने वीस वर्षं एफसिंक चुकीचं कसं वापरलं.

वाळूज-चिकलठाण्यात कुणी लिनक्सवर पोस्टग्रेस सांभाळत असेल, तर फसलेलं एफसिंक पुन्हा विचारू देणारी ‘डेटा सिंक रिट्राय’ ही सेटिंग एकदा पाहा. सर्व्हर सारखा बंद पडतो म्हणून कुणी ती चालू करून ठेवली असेल, तर आजच बंद करा आणि आधी डिस्क तपासा.