डेंग्यूचा रिपोर्ट निगेटिव्ह, पण ताप कितव्या दिवसाचा?

पावसाळा लागला की फॅमिली ग्रुपवर लॅबच्या पीडीएफ फिरायला लागतात. 'डेंग्यू आयजीएम निगेटिव्ह' दिसलं की खाली अंगठ्यांची रांग. ताप आल्याला किती दिवस झाले होते, हे मात्र कुणी विचारत नाही. खरी मेख तिथेच आहे.

आयजीएम ही अँटिबॉडी, म्हणजे विषाणूला ओळखून चिकटणारं, आपल्याच शरीराने बनवलेलं प्रथिन. ते टेस्टमध्ये दिसण्याइतकं वाढायला तापाचा ४-५ वा दिवस उजाडतो. ही टेस्ट विषाणूला शोधतच नाही. सर्व्हरवर हल्ला झाला का हे लॉग वाचून ठरवावं, तसा प्रकार. नोंद व्हायच्या आधीच लॉग उघडला, तर तो रिकामाच दिसणार ना?

म्हणून पहिल्या ५ दिवसांत एनएस१ टेस्ट करतात. एनएस१ हे विषाणूचं स्वतःचं प्रथिन. गंमत म्हणजे इथेही काम अँटिबॉडीच करते, फक्त ती तुमची नसून किटमधली असते.

लॅबमधली पद्धत म्हणजे एलायझा. १९७१ मध्ये स्टॉकहोमला एंगवॉल आणि पर्लमन यांनी मांडलेली. ९६ खळग्यांची प्लास्टिकची प्लेट असते. पुण्याच्या एनआयव्हीच्या डेंग्यू किटमध्ये खळग्याचा तळ आधी तुमच्या रक्तातल्या सगळ्या आयजीएम पकडतो. मग डेंग्यूचं अँटिजेन टाकतात. पकडलेल्यांपैकी डेंग्यूविरुद्धच्या आयजीएम असतील, तरच ते टिकतं. नाहीतर धुऊन जातं. शेवटी डेंग्यूला चिकटणारी अँटिबॉडी आणि एन्झाइम यांच्या मदतीने रंग चढतो. मशीन तो रंग मोजतं, ठरलेल्या रेषेच्या वर गेला की पॉझिटिव्ह. मधली प्रत्येक धुलाई महत्त्वाची, नाहीतर उगाच रंग येतो.

पॉझिटिव्हलाही दोन अर्थ निघू शकतात. आयजीएम २-३ महिने रक्तात राहते, त्यामुळे आजचा ताप वेगळाच असू शकतो. झिका हा डेंग्यूचा भाऊबंद, त्याच्या अँटिबॉडीही कधीकधी इथे चिकटतात. नुसती आयजीजी पॉझिटिव्ह असेल, तर बहुधा डेंग्यू पूर्वी कधीतरी होऊन गेलेला असतो.

एक मात्र रिपोर्टवर सोडू नका. डेंग्यूत धोका बऱ्याचदा ताप उतरताना वाढतो. तेव्हा पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त यातलं काहीही दिसलं, तर पीडीएफमध्ये काहीही लिहिलेलं असो, थेट हॉस्पिटल गाठा.