‘घोस्ट डॉग’: प्रेक्षकांत दोन तट पाडणारा सामुराई

जिम जारमुश यांचा ‘घोस्ट डॉग: द वे ऑफ द सामुराई’ १९९९ मध्ये कान महोत्सवाच्या स्पर्धा विभागात दाखवला गेला. अमेरिकेतल्या एका शहरात गच्चीवर कबुतरे पाळणारा आणि ‘हागाकुरे’ या जुन्या जपानी ग्रंथाबरहुकूम जगणारा सुपारी मारेकरी हा त्याचा नायक. फॉरेस्ट व्हिटेकर यांनी तो मोजकेच बोलून उभा केला आहे.

मारधाडीच्या अपेक्षेने आलेल्यांना चित्रपट रेंगाळणारा वाटतो; इतरांना तीच संथ लय आणि आरझेडए यांचे हिप-हॉप संगीत भावते. घरभाडे थकवणारे, कार्टून बघत बसणारे म्हातारे माफिया हशा पिकवतात. फक्त फ्रेंच बोलणारा आइस्क्रीमवाला आणि फ्रेंच न कळणारा नायक यांची मैत्री अनेकांची आवडती. जाणकारांना बेसिनच्या नळीतून झाडलेल्या गोळीत सेइजुन सुझुकी यांचा १९६७ चा ‘ब्रँडेड टू किल’ आठवतो. समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी मात्र नायकाला वेडा मानल्यावरच कथेची संगती लावली. थरारापेक्षा स्वभावचित्रणात रस असणाऱ्यांनी तो जरूर पाहावा.